काळ्या केसांचा, भुऱ्या केसांचा

"याला उभा चिरून मीठ भरलं पाहिजे," मी म्हणाले.

माझ्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसलेला धैर्यशील जागच्या जागी थबकला.

"तुला नाही रे, याला!" मी मोबाईल त्याच्या नाकापुढे धरला. पडद्यावर काळ्या केसांचा, लांब कोट घातलेला एक कोरियन तरुण बर्फात उभा होता. "हा बघ. अख्खी रात्र त्या पोराच्या बेकरीबाहेर थंडीत कुडकुडत उभा राहिला, आणि सकाळी तो पोरगा समोर आला तर ओळखसुद्धा दाखवली नाही. तोंडात काय गुळणी धरलीय का मेल्यानं?"

धैर्यशीलने पडद्याकडे एकदा पाहिलं, पिशवी जराशी सरकवली आणि म्हणाला, "पाय सरळ ठेवा."

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी मिरजेला बदलून घेतली होती आणि मी सांगलीच्या माझ्या फ्लॅटमध्ये, दिवाणखान्यात टाकलेल्या पलंगावर, उंटावरून शेळ्या हाकत पडले होते. लग्न केलं नाही, बँकेतली नोकरी लवकर सोडली, त्यामुळे बघायला घरात माणूस नव्हतं. माझा भाचा ओजस पुण्याहून धावत आला. येताना त्याच्या रूममेटलाही घेऊन आला, कारण दोघांचीही कामं लॅपटॉपवरची, कुठूनही होणारी. ओजस म्हणजे आमच्या घरातलं शेंडेफळ. गोरा, भुऱ्या केसांचा, हसरा. कामवाल्या बाईपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना दोन मिनिटांत आपलंसं करणारा. धैर्यशील गडहिंग्लजकडचा. आडवा बांधा, दाट काळी दाढी, दिवसाकाठी मोजून मापून शब्द. त्याला हसताना बघायचं तर बहुधा आधी अर्ज करावा लागत असावा.

ती कोरियन चित्रकथा ओजसनेच माझ्या गळ्यात बांधली. मी पडून पडून कावले होते. तो म्हणाला, "मावशी, हे वाच. मोबाईलवरच असतं, खाली खाली सरकवत जायचं. दोन मुलांची प्रेमकथा आहे. चालेल ना तुला?"

"मला काय धाड भरलीय? दे," मी म्हणाले.

नावं काही माझ्या लक्षात राहीनात. म्हणून काळ्या केसांचा, हॉटेलचा मालक असलेला तो 'डायरेक्टर', आणि भुऱ्या केसांचा, पाव भाजणारा, सारखा डोळ्यांत पाणी आणणारा तो 'बेकरीवाला', असं मी ठरवून टाकलं. डायरेक्टर बेकरीवाल्यासाठी जीव टाकायचा, पण गुपचूप. त्याला ताप आला की उशाशी बसायचा, जाग आली की निघून जायचा. लोकांपुढे म्हणायचा, "हा? हा आमच्याकडे पाव पुरवतो." मला तर त्याला पडद्यातून बाहेर ओढून दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत. काही पानं ओजस घाईघाईने स्वतःच पुढे सरकवायचा आणि कानापर्यंत लाल व्हायचा, ते वेगळंच.

"अगं, तो कॉम्प्लेक्स आहे," ओजस समजावायचा. "पुढे त्याचं लहानपण दाखवतात. प्रत्येक कथेत असतो तो भाग. त्याची आई त्याला स्टेशनवर सोडून गेलेली असते. मग कळतं तो असा का आहे ते. त्याच्या मनात खूप असतं गं."

"आई सोडून गेली, वाईट झालं. पण जीभ ठेवून गेली होती ना? मनात पुरणाचा हंडा भरलाय आणि ताटात नुसतं मीठ! त्या बेकरीवाल्याने किती दिवस मीठ चाटायचं?"

ओजस हसला. मग म्हणाला, "मला त्या बेकरीवाल्याचं फार वाईट वाटतं. आपलाच वाटतो तो."

मी काही दुधखुळी नव्हते. मुलाने मावशीला असली कथा वाचायला द्यावी, वर 'आपलाच वाटतो' म्हणावं, म्हणजे काय ते मला कळलं. मी त्याचा हात धरला आणि सरळ विचारलं, "ओज्या, तुला काही सांगायचंय का मला?"

त्याचे डोळे भरून आले. त्याने माझा हात दाबला, गोड हसला आणि म्हणाला, "मावशी, चहा टाकू?"

लाजला बिचारा, असं मला वाटलं. इतकी माया दाटून आली की मी साखर जास्त घाल म्हणाले.

त्यानंतर माझे डोळे त्या दोघांवरच लागले. दुसरं काम तरी काय होतं मला? आणि जे दिसलं त्याने माझं डोकं फिरलं. ओजस सारखा त्याच्या मागेपुढे. धैर्या चहा घेतोस? धैर्या तुला पोळी गरम देऊ? आणि हा दाढीवाला, "नको." "चालंल." "ठेव तिथं." शुक्रवारी दुपारी गॅलरीत काहीतरी बोलणं झालं. मला फक्त धैर्यशीलचं "परत तेच?" एवढं ऐकू आलं. मग दार आपटल्याचा आवाज आला. ओजस स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला. मी हाक मारली तर डोळे पुसत आला. "काही नाही गं मावशी. कांदा चिरत होतो."

नळाखाली कोण कांदा चिरतं?

माझ्या मनात चित्र पक्कं झालं. काळ्या केसांचा, न हसणारा तो डायरेक्टर. भुऱ्या केसांचं माझं लेकरू ते बेकरीवाला. कोरियातला बोलत नव्हता, तिथे माझा काही इलाज नव्हता. हा तर माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर झोपत होता.

त्यात रविवारी ताई येणार होती. माणिकताई म्हणजे माझी थोरली बहीण, ओजसची आई. भाऊजी गेल्यापासून तिचा सगळा जीव या एका पोरात. गेली दोन वर्षं ती त्याच्यासाठी मुली बघत होती आणि हा 'बघू की' म्हणून भिजत घोंगडं ठेवत होता. या वेळी साताऱ्याची दातांची डॉक्टर मुलगी, ऋजुता, जवळजवळ ठरवूनच ती येत होती.

शनिवारी सकाळी ओजस भाजी आणायला गेला. धैर्यशील माझा व्यायाम घ्यायला बसला. एका हातात माझी टाच, दुसरा हात पोटरीखाली. मी तोफ डागली.

"हे बघ धैर्यशील, मी फटकळ बाई आहे, मला आडपडदा जमत नाही. तुमचं काय आहे ते मला कळलंय. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण माझ्या भाच्याला तू रडवायचं नाहीस. तो तुझ्यासाठी मर मर मरतो आणि तू दगडासारखा बसतोस. मनात असेल ते तोंडाने सांगायला काय होतं? तुझ्यामागे काही दुःखबिःख असेल तर ते सांग. नाहीतर नीट वाग. उद्या त्याची आई येतेय. तू असाच मख्ख राहिलास तर तो बिचारा कुणाच्या बळावर बोलणार?"

तो ऐकत राहिला. टाच सोडली नाही.

"झालं?" तो म्हणाला. "आता गुडघा वाकवा."

"मी काय बोलतेय आणि तू..."

"वाकवा. बोलतो."

मी वाकवला. जीव गेला माझा.

"मावशी, मी गेल्या साली दिवाळीत घरात सांगितलं," तो माझ्या गुडघ्याकडे बघतच बोलू लागला. "दादा, म्हंजे माझे वडील, तालमीतले. गावात मान असलेला माणूस. त्यांनी ताट ढकललं आणि उठून गेले. त्यानंतर बोलणं बंद. आई चोरून फोन करायची. गेल्या महिन्यात दादांचा स्वतःहून फोन आला. काय म्हणाले माहिताय? म्हणाले, जत्रा हाय, त्याला घेऊन ये. बघू तरी कसा हाय."

"मग? नेलंस?"

"ओजस म्हणाला, बघू की."

तो टाच हळूहळू पुढे आणत होता.

"चार वर्षं झाली आम्ही एकत्र राहतोय. भाड्याच्या करारावर रूममेट. वाढदिवसाला रूममेट. तुमच्याकडं आलो, दारात तुम्ही विचारलंत हा कोण, तर रूममेट. मी काय न्हाई म्हटलं. म्हटलं, सांगंल. तो भांडत न्हाई, चिडत न्हाई, गोड बोलतो, रडतो. मग मलाच वाटतं मी राक्षस हाय. काल विचारलं, रविवारी आईला सांगणार का? तर म्हणाला, तूच काहीतरी बोल ना तिच्याशी, तुझं ऐकंल ती." त्याने टाच गादीवर ठेवली. "माझ्यामागं दुःखबिःख काय न्हाई, मावशी. मला बोलायचा कंटाळा हाय, एवढंच. जे सांगायचं ते मी एकदाच सांगतो."

दार उघडलं. ओजस आला. हातात भाजीची पिशवी आणि माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा. "मावशी, बघ काय आणलंय!"

मला त्या गजऱ्यासकट त्याला भिंतीवर आपटावंसं वाटलं. आणि तरीही मी तो केसांत माळला, कारण तो माळायलाच पुढे झाला होता. त्याला नाही म्हणता येत नाही कुणाला, हीच तर गोम आहे.

दिवसभर मी त्याला एकटा गाठायला बघत होते. गाठला एकदाचा.

"ओज्या, उद्या आईला सांगणार आहेस?"

"सांगेन गं. वेळ बघून."

"वेळ काय एसटी आहे, बोर्ड लावून यायला? त्या डायरेक्टरला शिव्या घातल्या मी आठवडाभर. तो खरा कोण, कळतंय का तुला?"

तो खरोखर गोंधळला. "धैर्या? नाही गं मावशी, तो मनाने फार चांगला आहे. फक्त जरा कठोर आहे."

मी कपाळावर हात मारला. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय?

रविवारी ताई आली. मसालेभात झाला, मठ्ठा झाला. मला खुर्चीत बसवून, पाय स्टुलावर ठेवून, माझ्याभोवतीच पंगत मांडली. ताईने जेवता जेवता मोबाईलवर मुलीचा फोटो उघडून ओजसपुढे धरला.

"छान आहे," ओजस म्हणाला आणि हसला.

"मग कळवू?"

"बघू की, आई."

"दोन वर्षं नुसतं बघतोच आहेस! आंधळ्याला तरी दिसलं असतं एव्हाना." ताई धैर्यशीलकडे वळली. "तू तरी सांग रे बाबा याला. एवढा एकत्र राहतोस. तुझं ऐकतो तो."

धैर्यशीलने हातातला घास खाली ठेवला आणि ओजसकडे बघितलं. नुसतं बघितलं. मला कळलं की तो वाट बघतोय. बोल रे, मी मनात म्हणत होते, आता तरी बोल.

ओजस हसला. तेच गोड हसू. "धैर्या, सांग ना रे आईला, मी इतक्यात तयार नाहीये म्हणून. तू सांगितलंस की पटेल तिला."

धैर्यशील शांतपणे म्हणाला, "काकू, तो तयार आहे. तुम्ही कळवून टाका त्यांना."

ताईचा चेहरा असा उजळला की माझ्याने बघवेना. "बघ! मी म्हणतच होते. नुसता लाजतोय." ती हात धुवायलाही न थांबता, डाव्या हाताने चष्मा शोधायला आत गेली.

धैर्यशील उठला. ओजस त्याच्या मागे पॅसेजमध्ये धावला. माझ्या खुर्चीपासून चार हातांवर. मी काही कान टवकारले नव्हते, पण कानांना झाकण नसतं.

"असं का म्हणालास? वेडा आहेस का?"

"आता तुलाच सांगायला लागंल, न्हाई म्हणून. दुसरं कोण सांगू शकत न्हाई आता."

"धैर्या, प्लीज. तू जाऊन सांग ना तिला, गंमत केली म्हणून."

धैर्यशील सॅक घेऊन बाहेर आला. ताट अर्धं तसंच पडलं होतं. माझ्या पायाशी वाकला. "येतो मावशी. बर्फ चुकवू नका. आणि व्यायाम करताना रडलात तरी चालतंय, पण थांबायचं न्हाई."

"अरे, कुठे चाललास?"

"गावाकडं. आज जत्रा हाय."

दार लागलं. या वेळी आपटलं नाही.

आतून ताई आली, नाकावर चष्मा, हातात फोन, बोटाने नाव शोधत. ओजस माझ्याकडे बघायला लागला. ते डोळे मला पाठ आहेत. लहानपणी फुलदाणी फुटली की असेच बघायचा, आणि मी म्हणायची, माझ्या हातून फुटली. एक वाक्य टाकलं असतं मी, की ताईचा फोन थांबला असता. जिभेच्या टोकावर होतं. पण ते वाक्य माझं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी मूग गिळून बसले.

"हॅलो, कोण, ऋजुताची आई का?" ताई म्हणाली.

"आई, फोन ठेव," ओजस म्हणाला.

"अरे, थांब जरा. हॅलो..."

"आई, ठेव! धैर्यशील माझा रूममेट नाहीये."

ताईने फोन कानापासून दूर धरला. त्यातून बारीक आवाजात हॅलो हॅलो चाललं होतं. मी हात लांब करून तो तिच्याकडून घेतला आणि बंद केला.

"मग कोण आहे?" ताईने विचारलं.

आणि तो बोलला. अडखळत, रडत, अर्धी वाक्यं गिळत, पण बोलला. माझे डोळे वाहायला लागले. ताई मटकन खाली बसली. आता ही छाती बडवून घेणार, मला वाटलं. आमच्याच घरातली ती, मी तिला ओळखून होते. पण तिने नाकावरचा चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाली, "किती वर्षं?"

"चार."

"चार वर्षं? आणि मला आत्ता सांगतोयस? मी काय वाघीण आहे, खाल्लं असतं तुला?" ती रडायला लागली. "मी त्या पोराला गेल्या वेळी गादी उचलायला लावली. आत्ता ताटं मांडायला लावली. त्याच्यासमोर तुझ्यासाठी मुली दाखवत बसले. काय वाटलं असेल रे त्याला?"

मी बघतच राहिले. माझा कयास चुकला होता. ज्या डोंगराला तो चार वर्षं भीत होता, तो डोंगर माझ्यापुढे फरशीवर बसून पदराने नाक पुसत होता.

जरा वेळाने ताईचं लक्ष त्या अर्ध्या ताटाकडे गेलं. "जेवला नाही तो. कुठे गेला? बोलाव त्याला. मला जरा वेळ लागेल ओजस, पण पोरगं उपाशी जायला नको. जा, घेऊन ये."

"स्टँडवर असेल," मी म्हणाले. "रिक्षाने पळ. पंधरा मिनिटं लागतात."

ओजस ताईशेजारी बसला. तिचे डोळे पुसले. खांद्यावर तिचं डोकं घेतलं.

"जाऊ दे गं आई. आत्ता तुला असं टाकून कुठे जाऊ? तू आधी शांत हो. मी संध्याकाळी फोन करीन त्याला."

"अरे, ती स्वतः जा म्हणतेय!" मी ओरडले. "आता काय आडवं येतंय तुला? उठ, बैला, उठ! मला पाय असते तर मी गेले असते!"

"मावशी, तू चिडू नको. बीपी वाढेल." तो माझ्याकडे बघून हसला, डोळे ओलेच होते. "धैर्याला कळतं गं सगळं. न सांगता कळतं त्याला माझ्या मनातलं."

आणि तो उठला, आईसाठी चहा टाकायला.

त्याने संध्याकाळी फोन केला. मग रोज केला. ताईने पुढच्या महिन्यात धैर्यशीलला स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून जेवायला बोलावलं. पण तो पुण्याला गेला तो सामान न्यायलाच. ओजस अजूनही येतो माझ्याकडे, येताना काही ना काही घेऊन येतो, आणि अजूनही मला सांगतो की धैर्या मनाने चांगला होता, पण जरा कठोर होता. मी त्याच्याशी भांडते, मग त्याच्या आवडीचं करून घालते. करू काय? भाचा आहे.

धैर्यशीलही येतो, कोल्हापूरला काम निघालं की वाट वाकडी करून. गेल्या वर्षी आला तेव्हा मी त्याला विचारलं. इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं.

"त्या दिवशी दुपारचाच निघालास ना रे? जत्रा सापडली का?"

"न्हाई. शेवटच्या गाडीनं गेलो. पोचलो तवा पालखी देवळात गेलेली."

"शेवटच्या? दिवसभर काय करत होतास स्टँडवर?"

तो उठून खिडकीशी गेला. मला वाटलं, याचं बोलणं संपलं.

"गडहिंग्लजची गाडी लागली की चढायचो," तो म्हणाला. "खिडकीची जागा धरायची, शेजारच्या जागेवर रुमाल टाकायचा. कंडक्टरनं घंटी मारली की रुमाल उचलायचा आणि उतरायचं. मग पुढची."

"आणि शेवटची?"

"शेवटच्या गाडीला गर्दी होती. एक म्हातारी पोतं घेऊन उभी होती. म्हणाली, लेकरा, हितं कोण येणार हाय काय? मी रुमाल उचलला आणि म्हटलं, बसा आज्जी."